दाराच्या पोटात

चिपळूणला जुलैत पाऊस लागला की लागतो. अशाच एका सकाळी महामार्गालगतच्या पत्र्याच्या शेडखाली अठरा वर्षांची एक छोटी गाडी उभी होती. बोनेटचा रंग उन्हाने फिका पडलेला, पण सीटकव्हरं धुतलेली, डॅशबोर्ड लख्ख पुसलेला. मालक निवृत्त शिक्षक. तक्रार साधी होती. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की ते दार बंद होतं, बाकीची तीन दारं मात्र कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. पावसाळ्यात तर मुळीच नाहीत. आधी एका ठिकाणी दाखवून झालं होतं. तिथे मागच्या दोन्ही दारांच्या मोटरी बदलून दिल्या होत्या. दोन दिवस बरं गेलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

“पुढची मोटर गेली असेल का रे?” सरांनी विचारलं.

“मोटरीचं नंतर बघू सर. तुम्ही जरा मागे उभे राहा आणि मागचं दार बोलतंय का ते ऐका.”

हा ऑटो इलेक्ट्रिशियन तिशीतला. आसपासचे सगळे त्याला वायरमनच म्हणतात. त्याने पानाही उचलला नाही आणि स्क्रूड्रायव्हरही. ड्रायव्हरचं दार सताड उघडलं, एका हाताने दाराची कड धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लॉकची खुंटी दाबायला, वर करायला सुरुवात केली. दाबता दाबता दार सावकाश मिटत आणलं. अर्ध्यापर्यंत मागून खट्, खट् असं उत्तर येत होतं. अर्ध्याच्या पुढे दार आलं आणि मागची दारं गप्प झाली. त्याने दार चार बोटं मागे नेलं. पुन्हा खट्. पुढे आणलं, पुन्हा गप्प.

“वायर तुटलीय सर. मोटरी चांगल्याच होत्या.”

दार आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये, बिजागऱ्यांच्या जवळ, एक रबरी नळी असते. बाजाच्या भात्यासारख्या वळ्या असलेली. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. काचेच्या मोटरीच्या, स्पीकरच्या, आरशाच्या आणि लॉकच्या. दार उघडलं की नळी ताणते, मिटलं की दुमडते. ड्रायव्हरचं दार दिवसातून दहाच वेळा उघडलं असं धरलं, तरी अठरा वर्षांत ते पासष्ट हजारांहून अधिक वेळा उघडून मिटलेलं असतं. तितक्या वेळा त्या वायरी एकाच जागी वाकलेल्या असतात. तांब्याची तार वाकवत राहिली की ती आधी कडक होते आणि मग तुटते. वरचं प्लास्टिक मात्र अखंड राहतं. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

वायरमनने नळीचं टोक चौकटीतून उपसलं आणि एकेक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ओढली. चार वायरी ताठ राहिल्या. पाचवी, तपकिरी रंगाची, रबरासारखी ताणली गेली. तिथे कापल्यावर आत तांब्याऐवजी हिरवट भुकटी निघाली.

हा प्रसंग चिपळूणचा असला, तरी तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात कुठल्याही दिवशी दिसू शकतो. जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक बिघडलं की मालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो मोटर. दुकानदाराच्या तोंडीही तोच येतो, कारण मोटर विकता येते आणि तुटलेली वायर शोधावी लागते. या कामात खरं कसब आहे ते शोधण्याचं. ते समजून घ्यायचं तर दाराच्या पोटात उतरावं लागतं.

दाराचा आतला पुठ्ठा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डोअर पॅड, काढला की समोर भोकं पाडलेला पत्रा दिसतो आणि त्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. कागदाच्या मागे दाराच्या मागच्या कडेला लॅच बसवलेलं असतं. गाडीच्या खांबावरच्या लोखंडी कडीला पकडून ठेवणारा खटका तो हाच. त्याच्याकडे चार बाजूंनी चार सळ्या येतात. एक बाहेरच्या हँडलची, एक आतल्या हँडलची, एक किल्लीच्या कुलपाची आणि एक वर दिसणाऱ्या खुंटीची. खुंटी खाली गेली की हँडल आणि खटका यांचं नातं तुटतं. हँडल ओढा, ते हलतं, पण खटका सुटत नाही. एवढंच लॉक. वीज या सगळ्यात उशिरा आली. ती फक्त खुंटीची सळी वरखाली करते, म्हणजे माणसाचा अंगठा जे करायचा तेच.

विजेवर दारं लावण्याची सोय अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ च्या गाड्यांत दिली होती. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली, तेव्हाही प्रत्येक दाराची खुंटी स्वतंत्रपणे दाबावी लागे. मागच्या दाराची खुंटी राहिली की पुढच्या सीटवरून अंग पिळून हात लांब करायचा, हा त्या काळातल्या प्रत्येक गाडीवाल्या घराचा अनुभव. नव्वदच्या दशकात झेन, एस्टीम आल्या, मग सॅन्ट्रो आणि पिंपरीत तयार होणारी इंडिका आली. महागड्या मॉडेलना कारखान्यातूनच सेंट्रल लॉक मिळू लागलं. ज्यांना मिळालं नाही, त्यांनी ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन बसवून घेतलं. गाडीच्या अलार्मचं आणि सेंट्रल लॉकचं नाव निघालं की नाशिकच्या ऑटोकॉपचं नाव निघायचं, असे ते दिवस होते.

दुकानात बसवलेल्या या संचातल्या मोटरीला बाजारात ‘गन’ म्हणतात. काळ्या प्लास्टिकची पिस्तुलासारखी डबी आणि तिच्या तोंडातून आतबाहेर होणारा दांडा. दांड्याची धाव जेमतेम दोन सेंटिमीटर. आत बारा व्होल्टची छोटी मोटर आणि तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकं. तीन दारांत दोन वायरींची गन असते, निळी आणि हिरवी. वीज एका दिशेने गेली की दांडा बाहेर, उलट दिशेने गेली की आत. ड्रायव्हरच्या दारातली गन मात्र पाच वायरींची. निळी, हिरवी मोटरीची. पांढरी, तपकिरी आणि काळी आतल्या स्विचची. हा स्विच सगळ्या गनना हुकूम देणाऱ्या कंट्रोल पेटीला सांगतो की मालकाने दार लावलं की उघडलं. पेटी ते ऐकते आणि बाकीच्या तिघांना अर्ध्या-पाऊण सेकंदाचा झटका देते.

सरांच्या गाडीत काय झालं ते आता कळतं. तपकिरी वायर तुटली होती. ड्रायव्हरचं दार किल्लीने बंद होत होतं, पण ते बंद झाल्याची खबर पेटीपर्यंत पोहोचतच नव्हती. मागच्या मोटरी धडधाकट होत्या आणि हुकमाची वाट बघत बसल्या होत्या. त्या बदलल्यावर दोन दिवस लॉक चाललं, कारण काम करताना दार बराच वेळ उघडं राहिलं, वायरी हलल्या आणि तुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना टेकली.

मुरलेला वायरमन लक्षणावरून जागा सांगतो. चारही दारं एकदम गप्प असतील तर आधी फ्यूज, मग पेटीची अर्थिंगची वायर, मग ड्रायव्हरच्या दाराच्या वायरी. एकच दार गप्प असेल तर दोष त्याच दारात. मोटरीचा घुर्र आवाज येतो पण खुंटी हलत नाही, म्हणजे आतलं चाक झिजलं किंवा सळीची क्लिप तुटली. दुकानात बसवलेल्या गनमध्ये सळीला दांडा जोडणारा एक छोटा स्क्रू असतो. तो ढिला झाला तरी हेच होतं, आणि मग सगळी दुरुस्ती म्हणजे तो स्क्रू आवळणं. गन सळीला समांतर न बसवता तिरकी बसवली असेल, तर दोन सेंटिमीटरांतली निम्मी धाव कोनातच संपते. दार कधी लागतं, कधी अर्धवट राहतं.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे लॉक लागतं आणि त्याच क्षणी उघडतं. मालकाला वाटतं रिमोट बिघडला. होतं असं की ड्रायव्हरची खुंटी पूर्ण खाली जात नाही, अर्ध्यावरून उसळते. आतला स्विच तिकडे ‘उघडलं’ अशी खबर देतो आणि पेटी इमानाने चारही दारं उघडते. इथे हजार रुपयांची पेटी बदलून काही होत नाही. खुंटीची सळी कुठे घासते ते बघायचं, लॅचमधलं वाळलेलं ग्रीस पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचं आणि नवं लावायचं.

तपासण्याच्या हत्यारातही एक मेख आहे. नव्याने शिकणारी मुलं मल्टिमीटर लावतात, त्यावर बारा व्होल्ट दिसले की वायर चांगली म्हणून पुढे जातात. मल्टिमीटर वायरीतून जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. वायरीतल्या वीस धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. मोटरीला मात्र चार-पाच अँपिअर लागतात आणि त्या एका धाग्यातून ते जात नाहीत. म्हणून जुने वायरमन इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून घरगुती टेस्टर करतात. तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर आतून कुजलेली असेल तर बल्ब मिणमिणतो आणि चोरी पकडली जाते. कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत अर्धा ओहमचा अडथळा असला, तरी चार अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. मग मोटर कण्हते आणि लोक तिलाच म्हातारी ठरवतात. हा बल्ब एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरला मात्र कधी लावायचा नाही, हे कुठलाही चांगला उस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो.

कधी कधी मोटर खरोखरच जाते. तिच्यातले कार्बन झिजतात किंवा ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग काळवंडतो. काही मोटरींत एक छोटी चकती असते. लॉकचं बटण कोणी सारखं दाबत राहिलं की ती तापते, विजेची वाट अडवते आणि मोटर जळण्यापासून वाचवते. वयानुसार ती चकतीच थंड असतानाही वाट अडवू लागते. कारखान्याचं अख्खं लॅच महाग असतं आणि पंधरा-वीस वर्षांच्या गाडीसाठी अनेकदा मिळतही नाही. मग कसबी माणूस डबीच्या जोडावर ब्लेड फिरवून ती उघडतो. आत निघते बोटाच्या दोन पेरांएवढी मोटर. १९५४ साली खेळण्यांच्या मोटरींपासून सुरुवात केलेल्या जपानच्या माबुची कंपनीची एफसी-२८० ही अशीच एक मोटर, जगभरच्या गाड्यांच्या दारांत सापडणारी. तेवढी एक मोटर बदलायची, जुन्या दांड्यावरचं पितळी चाक ओढून नव्यावर बसवायचं, डबी पुन्हा चिकटवायची. वायरींची अदलाबदल झाली तर लॉक म्हटलं की दार उघडतं आणि उघड म्हटलं की लॉक होतं. ते लक्षात आलं की दोन वायरी उलट करायच्या आणि मगच डबी मिटायची.

महाराष्ट्रात जन्मलेल्या दोन गाड्यांनी इथल्या वायरमनना वेगळ्याच विद्या शिकवल्या.

१९९५ पासून पिंपरीत, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात, मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. त्यांच्या दारांत लॉकच्या मोटरी नाहीतच. मागच्या सीटखाली एक पंप असतो. त्याच्यापासून बारीक नळ्या चारही दारांना, डिकीला आणि पेट्रोलच्या झाकणालाही जातात. पंप हवा ओढतो किंवा ढकलतो आणि दारातल्या डबीतला रबरी पडदा सळीला खालीवर करतो. त्यामुळे ही गाडी खट् वाजत नाही, हलका उसासा टाकते. तीस वर्षांनंतर ते रबर तडकतं. मग पंप बंद व्हायच्या ऐवजी बराच वेळ घुरघुरत राहतो, कारण त्याला हवा तो दाब कधी मिळतच नाही. इथे टेस्टर उपयोगाचा नाही. एकेका दाराची नळी चिमट्याने दाबायची आणि पंपाकडे कान लावायचा. ज्या दाराची नळी दाबल्यावर पंप वेळेवर थांबतो, गळती त्याच दारात. कधी नवीन पडदा मिळतो, कधी जुन्या बाजारातली डबी बसवावी लागते. पंप सतत घुरघुरतोय म्हणून तोच बदलणारेही आहेत. नवा पंपही तसाच घुरघुरतो आणि एक दिवस त्याच गळतीपायी जळतो.

दुसरी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया. २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फची ही सख्खी बहीण. या घराण्याच्या लॅचमध्ये मोटरीबरोबर छोटे मायक्रोस्विच असतात. दार मिटलंय की उघडंय हे ते गाडीला कळवतात. वर्षानुवर्षं दार आपटून त्यांच्या कथलाच्या डागांना केसासारख्या चिरा पडतात. मग मिटलेलं दारही गाडीला उघडं वाटतं, किंवा उघडं दार मिटलेलं. डॅशबोर्डवर दाराची खूण विझत नाही, किंवा दार उघडलं तरी आतला दिवा लागत नाही, आणि रिमोट दाबला की ते एक दार हट्टाने लागत नाही. जगभर या गाड्यांची ही ओळखीची दुखणी आहेत. लॅचपर्यंत पोहोचायला दारातली काच आणि तिचं यंत्र आडवं येतं, म्हणून काम वेळखाऊ. पण एकदा ते बाहेर आलं की खर्च असतो तो डाग देण्याच्या तारेचा आणि नजरेचा. भिंग धरून चिरलेला डाग शोधायचा, जुनं कथील काढायचं आणि नवा डाग द्यायचा. ज्याला मोबाइल दुरुस्त करता येतो त्याला हे जमतं, आणि म्हणूनच कित्येक वायरमन आता हे काम शेजारच्या मोबाइलवाल्याला बोलावून करून घेतात.

रिमोटचं दुखणं त्यामानाने वरवरचं. रिमोटवरचं सेंट्रल लॉक रेनोच्या फ्युएगो गाडीत १९८२ साली आलं. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटमध्ये तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो आणि ते ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. दर दाबण्याला नवा गुप्त आकडा जातो आणि गाडीतली पेटी पुढच्या काही आकड्यांची वाट बघत असते. घरातल्या लहान मुलाने गाडीपासून दूर बसून बटण शे-दोनशे वेळा दाबलं तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी त्याला ओळखत नाही. त्यांची पुन्हा गाठ घालून द्यावी लागते. प्रत्येक गाडीची ती रीत वेगळी असते आणि ती मालकाच्या पुस्तिकेत असते. ती पुस्तिका शोधून ठेवावी.

एका गोष्टीबद्दल मात्र कुठलाही जबाबदार वायरमन आवाज चढवून बोलतो. ती म्हणजे फ्यूज. पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज वारंवार उडतो म्हणून तीसचा हिरवा घालणं, किंवा जुन्या गाडीतल्या काचेच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणं. फ्यूज उडतो तो दारातली सोललेली वायर पत्र्याला टेकते म्हणून. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायर तापते. दारात ती तापते प्लास्टिकच्या कागदाजवळ आणि डोअर पॅडच्या पुठ्ठ्याजवळ. पुढे काय होऊ शकतं ते सांगायची गरज नाही.

आणि पाणी. आपल्या राज्यात लॉकच्या दुखण्याचं मूळ शोधत गेलं की दर दुसऱ्या दारात पाणी सापडतं. काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतं. हे सगळ्याच गाड्यांत होतं, त्यात दोष नाही. ते उतरावं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जावं अशीच दाराची रचना असते. प्लास्टिकचा कागद ते पाणी पुठ्ठ्यापासून आणि वायरींच्या जोडांपासून लांब ठेवतो. दुरुस्तीच्या घाईत हा कागद फाडून फेकून दिला जातो. तळाची भोकं चिखलाने आणि पाचोळ्याने बुजतात. मग दाराचा हौद होतो. दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, लॅचला गंज चढतो, गनमध्ये ओल शिरते. कोकणात त्या हवेत मिठाची भर पडते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा गाड्या अख्ख्या बुडाल्या. इंजिन, गिअरबॉक्स लोकांनी लगेच साफ करून घेतले. दारांच्या पोटातला गाळ कित्येकांच्या ध्यानातच आला नाही. तो महिनोन्‌महिने वायरी खात राहिला.

सेंट्रल लॉकच्या दुरुस्तीकडे ‘चैनीची सोय’ म्हणून बघू नये ते याच पाण्यामुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. त्यानंतर कितीतरी मुंबईकरांनी गाडीत काच फोडायची हातोडी ठेवायला सुरुवात केली आणि विजेच्या लॉकचा धसका घेतला. धसका रास्त आहे, पण त्यामागचं गणित नीट समजून घ्यायला हवं. बाहेर अर्धा मीटर पाणी आहे, आत कोरडं आहे आणि दार एक मीटर रुंद आहे, तर पाणी त्या दाराला सव्वाशे किलोच्या जोराने दाबून धरतं. लॉक उघडं असलं तरी दार हलत नाही. वीज गेल्यावर काचही खाली जात नाही. म्हणून पाणी चढायच्या आत, वीज असतानाच, काच खाली करून ठेवायची. ते जमलं नाही तर बाजूच्या काचेचा कोपरा फोडायचा. पुढची मोठी काच फुटत नाही, तिच्यात दोन काचांच्या मध्ये पडदा असतो.

वीज नसली तरी खुंटी हाताने वर व्हायला हवी आणि आतल्या हँडलने दार उघडायला हवं. जुन्या गाड्यांत लॉकची विजेची बाजू मदतनीस असते, खरी वाट सळीचीच. ती सळी गंजून अडकलेली असेल किंवा तिची क्लिप तुटलेली असेल, तर सेंट्रल लॉक ठीक चालत असूनही ती गाडी धोक्याची. ही परीक्षा घरच्या घरी होते. सेंट्रल लॉकचा फ्यूज काढायचा आणि एकेका सीटवर बसून प्रत्येक दार आतून हाताने लावून, उघडून बघायचं. मागचं दार आतून उघडलं नाही, तर घाबरून जाण्याआधी दाराच्या कडेला असलेली चाइल्ड लॉकची छोटी कळ बघायची. गाडी धुताना ती कधी खाली सरकली हे कुणाला कळत नाही. ‘दारच गेलं’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्या ती कळ वर करून पाच मिनिटांत परत जातात.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीला नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, फिटनेस काढावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मग ती पुढची पाच वर्षं रस्त्यावर राहते. एवढा खर्च करून जो माणूस गाडी ठेवतो, त्याला ती हवी असते. त्याच्यासाठी सुटे भाग जपणारी एक दुनियाही आहे. पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे लॅच घेताना जाणकार आधी डावं-उजवं बघतो, मग प्लगच्या पिना मोजतो, मग स्क्रूड्रायव्हरने खटका मिटवून हाताने सळ्या हलवतो आणि शेवटी खिशातल्या बॅटरीने मोटर चालवून बघतो. तीन मिनिटांचं काम, पण ते न करता उचललेलं लॅच निम्म्या वेळा परत आणावं लागतं.

सरांच्या गाडीचं काम चिपळूणच्या त्या शेडमध्ये दुपारपर्यंत चाललं. वायरमनने तुटलेल्या जागी नुसती गाठ मारली नाही. गाठ मारून वर काळी टेप लावली, तर तो जोड नळीतच वाकत राहतो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तुटतो. त्याने तपकिरी वायर नळीच्या दोन्ही बाजूंना, आत खोलवर, कापली आणि मधला हातभर तुकडाच काढून टाकला. त्या जागी नवी, बारीक धाग्यांची, मऊ वायर घातली. एक जोड चौकटीच्या आत, दुसरा दाराच्या आत. नळीतून जाणाऱ्या भागाला एकही जोड नाही. डाग दिला, वर बारीक प्लास्टिकचं आवरण चढवून ते लायटरच्या आचेने आवळलं. मग शेजारच्या पांढऱ्या वायरीकडे बघून म्हणाला, “ही पण बदलतो सर. तिचंही वय तेवढंच आहे.”

डोअर पॅड काढलेलंच होतं. आतला प्लास्टिकचा कागद मागच्या वेळी कुणीतरी अर्धा फाडून टाकला होता. त्याने खताच्या पिशवीतलं जाड प्लास्टिक कापलं, मापाने बसवलं आणि कडेने काळा चिकट गम दाबला. लॅचवर पांढरं ग्रीस बोटाने लावलं. इंजिन ऑइल टाकायला निघालेल्या पोऱ्याला थांबवलं आणि सांगितलं, त्यावर धूळ बसते आणि तिचा चिखल होतो. सळ्यांच्या क्लिपा एकेक दाबून बघितल्या. मग जमिनीवर बसून दाराच्या तळाची दोन भोकं सायकलच्या आऱ्याने मोकळी केली.

“एक तांब्या पाणी आण रे,” त्याने पोऱ्याला हाक मारली.

काच अर्धी वर होती. त्याने तांब्यातलं पाणी काचेवर सावकाश ओतलं. सर वाकून दाराच्या खालच्या कडेकडे बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग एका भोकातून गढूळ, लालसर थेंब पडला, त्यामागे चिखलाची धार, त्यामागे स्वच्छ पाणी. दुसऱ्या भोकातूनही आलं.

वायरमनने दार मिटलं, पूर्ण मिटलं, आणि किल्ली सरांच्या हातात दिली. सरांनी ती कुलपात घालून फिरवली. बाहेर पावसाचा जोर वाढला होता, तरी तिन्ही खट् स्पष्ट ऐकू आले. सरांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग गाडीभोवती फिरून प्रत्येक हँडल ओढून बघितलं, आणि बदलून काढलेल्या त्या दोन जुन्या मोटरी अजून डिकीत आहेत का ते बघायला डिकी उघडली.

“आहेत रे. फेकू का?”

“छे! इकडे द्या सर. चालू आहेत त्या.”